पक्ष्याचे शास्त्रीय नाव कसे उलगडावे

पक्षिनिरीक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात मराठी आणि इंग्रजी नावांखाली तिरप्या रोमन अक्षरांत दोन शब्द छापलेले असतात, आणि बहुतेक वाचक ते ओलांडून थेट चित्राकडे वळतात. मीही कित्येक वर्षे तेच करत होतो. शाळेत मराठी व्याकरण शिकवत असल्यामुळे शब्द फोडून पाहण्याची सवय मला होतीच, परंतु ती सवय दुर्बिणीसोबत पैठणला नाथसागराच्या काठावरही न्यावी, हे सुचायला फार उशीर लागला. सुचल्यावर मात्र असे दिसले की ही नावे उलगडण्यासाठी मराठी माणसाला लॅटिन भाषा येण्याची फारशी गरज पडत नाही. तीन लिंगे, विभक्तीचे प्रत्यय आणि गावावरून पडलेली आडनावे या तिन्ही गोष्टी आपल्या घरच्याच आहेत. खरी अडचण नावामागच्या गोष्टीत येते, कारण गोष्ट जितकी सुरेख तितका ती न तपासता सांगण्याचा मोह मोठा. म्हणून व्याकरण कसे वापरावे आणि गोष्ट कशी तपासावी, हे दोन्ही येथे क्रमाने मांडतो.

आधी नाव पूर्ण उतरवून घ्या

माजलगाव किंवा अंबाजोगाईकडच्या बाभूळबनात हिंडताना काळपट पाठीवर पांढरे ठिपके असलेला, कपाळ पिवळसर सोनेरी दिसणारा एक लहान सुतारपक्षी हटकून भेटतो. नराच्या मानेमागे लाल पट्टा असतो, मादीला तो नसतो. याला मराठीत मराठा सुतार म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव लिओपिकस माहराटेन्सिस असे आहे. वहीत उतरवताना केवळ हे दोन शब्द लिहून थांबू नये. चांगल्या यादीत त्यापुढे कंसात लॅथम हे नाव आणि १८०१ हे साल दिलेले असते, तेही लिहून घ्यावे, कारण पुढचा निम्मा शोध त्या कंसावर अवलंबून असतो.

पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलग पक्ष्यांच्या गटाचा, आणि त्याचे आद्याक्षर मोठे असते. दुसरा शब्द त्या गटातल्या नेमक्या जातीचा, आणि तो व्यक्तीच्या वा देशाच्या नावावरून आलेला असला तरी लहान आद्याक्षरानेच लिहितात. ही दोन शब्दांची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने रूढ केली, आणि त्याच्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात मानली जाते. नाव देणारा आणि साल हे दोन्ही कंसात असतील, तर त्या माणसाने पक्षी मुळात वेगळ्या प्रजातीत घातला होता आणि नंतर कोणीतरी तो हलवला, असा अर्थ होतो. लॅथमने आपला मराठा सुतार पिकस या प्रजातीत घातला होता. पुढे तो बराच काळ डेंड्रोकोपोस, म्हणजे झाडावर घाव घालणारा, या नावाखाली राहिला, आणि म्हणूनच आपल्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात वेगळेच नाव सापडते. हुदहुद्याच्या उपुपा एपॉप्स या नावापुढे मात्र लिनियस आणि १७५८ कंसाविना लिहिलेले दिसते, कारण अडीचशे वर्षांहून अधिक काळ त्याचे घर बदललेले नाही.

वहीत रोमन स्पेलिंग जसेच्या तसे घ्यावे. उच्चाराची फार चिंता करू नये. एकच नाव इंग्रज एका तऱ्हेने उच्चारतो, इटालियन दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोघांचेही चालते. स्पेलिंगमधले अक्षर चुकले तर मात्र मूळ धातू हातचा जातो.

दोन शब्दांचे नाते ओळखा

प्रजातीचा शब्द नेहमी नाम असतो. जातीचा शब्द विशेषण असू शकतो, षष्ठीतला असू शकतो, किंवा शेजारी ठेवलेले दुसरे नाम असू शकतो. विशेषण असेल तर ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि इथे इंग्रजी वाचकापेक्षा आपली वाट सोपी आहे. काळा बगळा, काळी घार, काळे गिधाड हे आपण विचार न करता बोलतो. लॅटिनमध्ये तेच काम नायजर, नायग्रा, नायग्रम ही तीन रूपे करतात.

ही गोष्ट पोकळ व्याकरणाची वाटू नये म्हणून तांबटाचे उदाहरण घेतो. उन्हाळ्यात वडाच्या शेंड्यावर टुक टुक करत बसणारा हा हिरवा पक्षी जुन्या पुस्तकांत मेगालायमा हीमासेफॅला आहे आणि नव्या पुस्तकांत सायलोपोगॉन हीमासेफॅलस. जातीच्या नावाचा अर्थ दोन्हीकडे रक्तासारख्या डोक्याचा असाच होतो, आणि त्याच्या कपाळावरचा लाल ठिपका पाहिला की तो पटतो. बदलले ते केवळ प्रजातीचे लिंग. मेगालायमा स्त्रीलिंगी होते, सायलोपोगॉन पुल्लिंगी आहे, त्यामुळे विशेषणालाही वेश बदलावा लागला. कोकिळेच्या नावाचा शेवटही असाच स्कोलोपेशिया वरून स्कोलोपेशिअस झाला. तिथे तर प्रजाती तीच राहिली, केवळ तिचे लिंग पुल्लिंगी असल्याचे मागाहून मान्य झाले. दोन पुस्तकांत शेवटची अक्षरे जुळत नसतील तर छापील चूक समजण्याआधी लिंग तपासावे.

षष्ठी ओळखणे त्याहून सोपे आहे. शेवटी आय हे अक्षर आले तर बहुधा कोणा पुरुषाचा पक्षी. आपल्याकडे बांधावरून थव्याने उड्या मारत जाणाऱ्या मोठ्या राखी सातभाईचे नाव आर्ग्या माल्कमी आहे, म्हणजे माल्कमचा. हा माल्कम म्हणजे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला सर जॉन माल्कम. नाव दिले कर्नल विल्यम साइक्सने, ज्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात प्रसिद्ध केली. याच साइक्सने दख्खनच्या पठारावरच्या लालसर, शेंडीवाल्या चंडोलाला देवा हे नाव दिले. तो शब्द संस्कृतातला देव आहे. भांगपाडी मैनेच्या नावात पॅगोडॅरम हे षष्ठीचे अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ देवळांची असा होतो. परळीच्या किंवा औंढ्याच्या देवळाच्या शिखरावर ही मैना पाहिलेल्याला अधिक सांगणे न लगे.

उरला एन्सिस हा प्रत्यय. त्याला मी वर्गात सरळ ‘कर’ म्हणतो. पैठणकर, नांदेडकर, तसा माहराटेन्सिस म्हणजे मराठा मुलखाचा रहिवासी. खंड्या स्मर्नेन्सिस आहे, म्हणजे स्मर्नाकर. स्मर्ना हे आजच्या तुर्कस्तानातले इझमीर. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ बेंगालेन्सिस, म्हणजे बंगालकर. येथे एक सावधगिरी हवी. आडनाव देशमुखवाडीकर असले म्हणून माणूस तिथेच राहतो असे नसते, आणि पक्ष्याच्या नावातले गाव हे नाव देणाऱ्याला जिथला नमुना वा वर्णन मिळाले तेवढेच सांगते. काही वेळा तर तेही चुकीचे असते. विहिरीवर लोंबणारी घरटी विणणारी आपली सुगरण प्लोसिअस फिलिपिनस आहे. प्लोसिअस म्हणजे विणकर, हे अगदी नेमके. परंतु ती फिलिपिन्सची मूळ रहिवासी नाही. एकदा दिलेले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही, असा नियम असल्यामुळे ते तसेच चालू आहे. आपण मराठवाड्यातल्या लोकांनी यावर हसू नये. जायकवाडी धरणाची पहिली योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती, पुढे जागा पैठणला सरकली आणि नाव मात्र जुन्या गावाचेच राहिले.

धातू शोधताना आधी मराठी नावाकडे पाहा

नावात पी-एच, सी-एच, आर-एच किंवा मध्येच वाय दिसला तर शब्द बहुधा ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला असतो, आणि तो बहुधा सामासिक असतो. मग समास सोडवावा. शेकाट्याचे नाव हिमँटोपस हिमँटोपस. हिमास म्हणजे चामड्याची वादी, पूस म्हणजे पाय. नाथसागराच्या उथळ पाण्यात हे लांब, गुलाबी, वादीसारखे पाय टाकत चालणारा पक्षी पाहताना नाव दोनदा का लिहिले असेल असा प्रश्न पडतो. प्राण्यांच्या नावांत अशी द्विरुक्ती चालते, वनस्पतींच्या नावांत चालत नाही, एवढेच त्याचे उत्तर. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याच्या जातीचे नाव किरर्गस, म्हणजे शस्त्रवैद्य, कारण त्याच्या पंखाच्या सांध्यावर नश्तरासारखा अणकुचीदार काटा असतो. मुग्धबलाक हा ऑसिटन्स, म्हणजे जांभई देणारा आहे, आणि त्याच्या मिटूनही मध्ये फट राहणाऱ्या चोचीला याहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही.

शब्दकोश उघडण्यापूर्वी त्या पक्ष्याचे मराठी नाव दोन मिनिटे मनात घोळवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन दूरच्या भाषांतल्या माणसांनी एकच पक्षी पाहून एकच गोष्ट म्हटली असेल, तर अर्थ बरोबर लागल्याची ती चांगली खूण असते. लेनिअस म्हणजे खाटीक, आणि आपणही त्याला खाटीकच म्हणतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावाबाहेरच्या एका बाभळीवर मी हे दुकान जवळून पाहिले. एका काट्यात टोळ, त्याच्या खालच्या काट्यात पोट फाडलेला सरडा, आणि वरच्या फांदीवर काळा मुखवटा घातलेला मालक, मान तिरकी करून माझ्याकडे पाहत. फॅलॅक्रोकोरॅक्स या ग्रीक शब्दाचा अर्थ टकला डोमकावळा असा होतो, आणि मराठीनेही त्या काळ्या, पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्यात कावळाच पाहून त्याला पाणकावळा म्हटले. मोठ्या पाणकावळ्याच्या जातीचे नाव कार्बो, म्हणजे कोळसा. गवताळ माळावर जमिनीसरशी घिरट्या घालणाऱ्या भोवत्याची प्रजाती सर्कस, आणि तिच्या मागे असलेला ग्रीक शब्द वर्तुळाकार उडण्याशी जोडला जातो. टिटवीची प्रजाती व्हॅनेलस. व्हॅनस म्हणजे धान्य पाखडायचे सूप, आणि हे त्याचे लघुरूप. खळ्यावर बायका सुपाने ज्वारी पाखडत असताना जो संथ, फडफडता हेलकावा दिसतो तो टिटवीच्या उडण्यात शोधून पाहावा.

भोरडीचे उदाहरण मला सर्वांत आवडते. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरू लागला की हे गुलाबी-काळे थवे ढगासारखे उतरतात, आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून तिच्यासाठी चांगला शब्द निघणे कठीण. तिच्या प्रजातीचे नाव मात्र पास्टर, म्हणजे मेंढपाळ. ती मेंढरांच्या कळपांसोबत फिरते आणि त्यांच्या पायांतून उठणारे किडे टिपते, यावरून ते पडले. आपल्याकडचे धनगर हे रोज पाहतात. एकाच पक्ष्याला शेतकरी लुटारू म्हणेल आणि लॅटिन त्याला धनगर म्हणते, आणि दोघांचेही निरीक्षण खरे आहे. साळुंकीची प्रजाती अॅक्रिडोथीरिस, म्हणजे टोळांची शिकारी, हेही असेच शेतावर उभे राहून दिलेले नाव वाटते. तिच्या जातीचा ट्रिस्टिस हा शब्द मात्र उदास या अर्थाचा आहे. दिवसभर भांडणाऱ्या साळुंकीला उदास कोण म्हणेल? लॅटिनमध्ये तो शब्द फिकट, मळकट रंगासाठीही वापरतात, हे कळल्यावर कोडे सुटते. शब्दाचा पहिला अर्थ बसत नसेल तर दुसरा शोधावा. पक्ष्याला ओढून ताणून अर्थात बसवू नये.

दिसायला सोप्या तुकड्यांपासूनही जपावे. परिटाच्या मोटॅसिला या नावात सिला म्हणजे शेपूट असा समज इतका पसरला की पुढे त्याच समजुतीने इतर पक्ष्यांची नावे घडवली गेली. प्रत्यक्षात मोटॅसिला हा जुना लॅटिन शब्द आहे आणि त्यातला शेवट शेपटीचा नाही.

नावात देव किंवा राजा आढळला तर

समास सुटत नसेल आणि शब्द रंगाचा, आकाराचा वा गावाचा नसेल, तर तो विशेषनाम असण्याचा संभव असतो. अशा वेळी पहिला दरवाजा ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या पंधरा भागांच्या काव्याचा ठोठवावा. त्यात माणसांची झाडे, दगड आणि पक्षी झाल्याच्या कथा आहेत, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय निसर्गअभ्यासकांना त्या शाळेपासून पाठ असत.

मराठा सुताराकडे परत येऊ. लिओपिकस या नावात लिओस म्हणजे गुळगुळीत आणि पिकस म्हणजे सुतारपक्षी. परंतु पिकस हा एक राजाही आहे. ओव्हिडच्या चौदाव्या भागात तो सॅटर्न देवाचा मुलगा, इटलीचा तरुण राजा आहे. जांभळा झगा पांघरून, त्यावर सोन्याचा काटा लावून तो रानडुकराच्या शिकारीला निघाला असताना सर्सी नावाची चेटकीण त्याच्यावर भाळते. त्याची पत्नी कॅनेन्स हिच्याशी एकनिष्ठ राहण्यासाठी तो सर्सीला नकार देतो, आणि ती छडी मारून त्याला पक्षी करते. झग्याचा रंग पिसांत उतरतो, सोन्याच्या काट्याची मानेभोवती सोनेरी कड होते, आणि संतापलेला राजा चोचीने झाडांवर घाव घालत राहतो. आता आपल्या मराठा सुताराचे कपाळ सोनेरी आहे, त्यामुळे हे सोने तेच, असे म्हणण्याचा मोह मला अनावर झाला होता. ते म्हणू नये. ओव्हिडने युरोपातले सुतारपक्षी पाहिले होते; लॅथमने पिकस हे त्या काळी सर्वच सुतारपक्ष्यांना लावले जाणारे नाव लावले. कथा प्रजातीच्या नावाची आहे, या एका पक्ष्याची नाही.

राखी बगळ्याच्या बाबतीत मोह याहून मोठा आहे. त्याचे नाव आर्डेआ सिनेरिआ, आणि सिनेरिआ म्हणजे राखेच्या रंगाची. आपण राखी म्हणतो ते अक्षरशः तेच. आर्डेआ हा लॅटिनमध्ये बगळ्याचा शब्द, पण रोमच्या दक्षिणेला त्याच नावाचे नगरही होते. ओव्हिड सांगतो की ते नगर युद्धात जळाले तेव्हा राखेच्या ढिगातून पंख झाडत एक पक्षी उठला. त्याचा आक्रोश, त्याचा कृशपणा, त्याचा फिकट रंग हे सारे पडलेल्या नगराला शोभणारे होते आणि नगराचे नाव पक्ष्यात उरले. पैठणच्या धरणाच्या भिंतीखाली पहाटे धुक्यात मान आखडून उभा असलेला राखी बगळा पाहिला की ही ओळ आठवल्याशिवाय राहत नाही. तरीही वहीत मी दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत. कवीने नगर आणि पक्षी यांची सांगड घातली; लिनियसने रंग पाहून विशेषण लावले. राखेची राखेशी भेट योगायोगाने झाली.

खंड्याची प्रजाती हॅल्सिऑन. वाऱ्यांचा अधिपती ईओलस याची मुलगी अल्सायनी हिचा पती सीइक्स जहाज फुटून बुडतो, त्याचे प्रेत किनाऱ्याला लागताना पाहून ती समुद्राकडे झेपावते आणि दोघेही पक्षी होतात. हिवाळ्यात ती लाटांवर घरटे करून अंडी उबवते तेव्हा बाप सात दिवस वारे कोंडून ठेवतो. सीइक्सचे नावही एका इवल्याशा खंड्याच्या प्रजातीला मिळाले आहे. आपला खंड्या मात्र समुद्राचे तोंड न पाहता ओढ्याच्या किंवा विहिरीच्या मातीत बीळ खणून संसार करतो आणि कित्येकदा पाण्यापासून दूर, विजेच्या तारेवर बसून नाकतोडे पकडतो.

काही नावे कथेतून आली, पण नाते चुकवून आली. हिवाळ्यात नाथसागरावर मासे पकडायला येणाऱ्या ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याची प्रजाती पँडिऑन आहे. पँडिऑन हा अथेन्सचा राजा, पण तो स्वतः कधी पक्षी झालाच नाही. त्याच्या मुली प्रॉक्नी आणि फिलोमेला पक्षी झाल्या, आणि त्यांच्यावर अत्याचार करणारा जावई टेरिअस शेंडीचा, लांब चोचीचा हुदहुद्या झाला. त्याच नावाच्या दुसऱ्या पँडिऑनचा मुलगा नायसस हा शिकारी पक्षी झाला, आणि त्याचे नाव युरोपातल्या एका लहान ससाण्यासारख्या शिकाऱ्याला, अॅक्सिपिटर नायससला, मिळाले. म्हणजे बापाचे नाव एका शिकाऱ्याला आणि मुलाचे दुसऱ्याला. हुदहुद्याच्या उपुपा आणि एपॉप्स या दोन्ही शब्दांत मात्र कथा शोधू नये; पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक, आणि दोन्ही त्याच्या हूप-हूप आवाजाची नक्कल आहेत, जशी आपल्या नावातही आहे.

लोकसमजुतीतून आलेली नावे वेगळी ओळखावीत. रातव्याची प्रजाती कॅप्रिमल्गस, म्हणजे शेळीचे दूध पिणारा. हा पक्षी रात्री गोठ्यात शिरून शेळ्यांचे सड चोखतो असे प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक मानत. खरे तर तो शेळ्यांभोवती उडणारे किडे खायला येतो. साइक्सने १८३२ मध्ये ज्या रातव्याचे वर्णन केले त्याचेही जातीचे नाव माहराटेन्सिस आहे, तेव्हा शब्दशः पाहिले तर तो मराठा मुलखातला शेळीचोखा ठरतो.

गोष्ट सांगण्याआधी तपासा

ही पायरी मी माझ्या फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी पक्षीसप्ताहात मुलांपुढे बोलताना मी सारस क्रौंचाच्या अँटिगनी या नावावर पंधरा मिनिटे रंगून बोललो. भावाला मूठमाती देण्यासाठी राजाज्ञा मोडणारी, इडिपसची मुलगी अँटिगनी, आणि जोडीदाराशी एकनिष्ठ असलेला सारस, टाळ्याही पडल्या. घरी येऊन ओव्हिडचा सहावा भाग उघडला तेव्हा कळले की ही अँटिगनी दुसरीच. ती ट्रॉयच्या लाओमेडन राजाची मुलगी. तिने जूनो देवीशी बरोबरी करण्याचा उद्दामपणा केला आणि देवीने तिला करकोचा केले, जो अजूनही चोच वाजवून स्वतःचेच कौतुक करतो. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांपुढे उभे राहून दुरुस्ती करावी लागली. त्यातल्या एका मुलीने विचारले, ‘सर, मग मागच्या वेळच्या टाळ्या परत घ्यायच्या का?’

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय बोलत नाही. जेम्स जॉबलिंग यांनी शास्त्रीय पक्षिनामांचा जो कोश केला आहे त्यात त्या शब्दाचा अर्थ काय दिला आहे, हे पहिले. नाव देणाऱ्याने मूळ वर्णनात स्वतः काही कारण सांगितले आहे का, हे दुसरे. असे जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि लेखक व साल माहीत असल्यास पान लवकर सापडते. वर कंसाबद्दल सांगितले ते याचसाठी. तिसरे, अर्थ प्रत्यक्ष पक्ष्यावर बसतो का. लिनियससारखे लेखक पुष्कळदा नावाचे कारण देतच नाहीत, अशा वेळी कथा ‘संभवते’ एवढेच लिहावे आणि पुढे सरकावे.

वहीतली एक नोंद

या सर्व पायऱ्या एकत्र कशा दिसतात ते दाखवण्यासाठी माझ्या वहीतली पिंगळ्याची नोंद थोडी नीटनेटकी करून देतो.

अथीनी ब्रामा, कंसात टेमिंक, १८२१. कंस आहे, म्हणजे घर बदलले: टेमिंकने याला स्ट्रिक्स या घुबडांच्या जुन्या प्रजातीत घातले होते. अथीनी ही ग्रीकांची बुद्धीची देवता, घुबड तिचा पक्षी. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड. ब्रामा म्हणजे आपला ब्रह्मदेव. अथीनी ही प्रजाती बोई याने १८२२ मध्ये केली, म्हणजे ब्रामा हे नाव पडल्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा ग्रीक देवी आणि हिंदू देव एका पक्ष्यावर आणून बसवावेत असे टेमिंकच्या मनात असण्याचे कारण नाही. वर्गीकरणाच्या हलवाहलवीत ते शेजारी आले. मराठी नाव पिंगळा; पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही हेच नाव. कोणी कोणाचे घेतले ते शोधणे. शाळेमागच्या कडुनिंबाच्या ढोलीत जोडी आहे. दिवेलागणीला आधी एक बाहेर येऊन डोके वरखाली करतो, मग दुसरा, आणि मग दोघेही एकदम किंचाळतात.